अडलेला स्क्रू आणि संगीताची व्हॅन

बिघडलेला स्क्रू घेऊन माझ्याकडे आलेल्या एकाही गिऱ्हाइकाने "हा मी बिघडवला" असं कधी म्हटलं नाही. स्क्रू आपोआप बिघडतात, असा नाशिककरांनी एकमताने ठराव केलेला असावा. गाडी संध्याकाळी नीट उभी केली, सकाळी बघतो तर स्क्रूच्या डोक्यावरची खाच गायब! उंदीर वायरी कुरतडतात हे मला माहीत आहे. लोखंड कुरतडणारे उंदीर फक्त माझ्या गिऱ्हाइकांच्याच घरी निघायचे.

नाशकातल्या द्वारका चौकाच्या पुढे माझं गॅरेज होतं. गुडघ्यांनी खाली बसायला साफ नकार दिला, तेव्हा बंद केलं. तसं गाडीचं सगळंच काम करायचो, पण नाव झालं ते एकाच गोष्टीने. दुसऱ्यांनी वाट लावलेले स्क्रू आणि बोल्ट मी काढून द्यायचो. बाकीचे गॅरेजवाले हात टेकले की गिऱ्हाइकाला सांगायचे, "आता हे साळवेकाकांकडेच न्या." सांगताना तोंड असं करायचे की मला पद्मश्रीच देताहेत. खरं म्हणजे स्वतः घातलेला घोळ माझ्या दारात आणून टाकायचे आणि वर चहाची अपेक्षा ठेवायचे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, एक स्क्रू तो काय, त्याचं एवढं कौतुक कशाला. त्यांच्यासाठी सांगतो. स्क्रूच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असते, तिला आम्ही चांदणी म्हणतो. त्या खाचेत स्क्रू-ड्रायव्हरचं टोक नेमकं बसलं पाहिजे आणि फिरवताना अंगाचा भार देऊन आत दाबलं पाहिजे. लोक काय करतात? घरात जो सापडेल तो स्क्रू-ड्रायव्हर घेतात, बहुतेक वेळा डब्याची झाकणं उघडून वाकडा झालेला, आणि दाबायच्याऐवजी नुसता फिरवतात. टोक आतल्या आत गरगरतं, खाच खरवडली जाते, आणि थोड्या वेळाने चांदणीच्या जागी एक गुळगुळीत वाटी उरते. मग म्हणतात, स्क्रूच हलका होता.

गाडीखालच्या स्क्रूंना गंज असतो तो वेगळाच. पावसाळ्यातला चिखल असतोच, शिवाय दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतो. चाकापाशी नारळ फोडायचा आणि पाणी नेमकं चाकावर सोडायचं. ते पाणी जाळीतून ब्रेकच्या स्क्रूपर्यंत पोचतं आणि मुरतं. दरवर्षी दसरा झाला की महिन्याभरात माझ्याकडे रांग लागायची. भक्ती करायची तर बोनेटवर करा, ब्रेकवर कशाला करता, असं मी किती जणांना सांगितलं. ते मला नास्तिक समजून निघून जायचे.

अडलेला स्क्रू काढायची एक रीत आहे. आधी ठोकायचं. स्क्रूच्या डोक्यावर नीट सरळ घाव बसला की गंजाची पकड सैल होते. मग ठोक्याचा स्क्रू-ड्रायव्हर लावायचा, म्हणजे मागून हातोडी मारली की टोक आत दाबलं जातं आणि त्याच झटक्यात थोडं फिरतं. तेवढ्याने नाही झालं तर छिन्नीने डोक्याच्या कडेला खाच पाडून त्या खाचेवर आडवे घाव घालत फिरवायचं. तेही नाही झालं तर डोक्यावर नट वेल्ड करायचा आणि तो गरम असतानाच पाना लावायचा. सगळ्यात शेवटी ड्रिल. आपले लोक सुरुवातच ड्रिलपासून करतात. हल्ली बॅटरीवर चालणारी गन आली आहे. ती घेऊन कोणीही कुठेही भर्रर्र करतो आणि स्वतःला मेकॅनिक म्हणवतो.

इंदिरानगरातले एक गृहस्थ आठवतात. नंबर प्लेट बदलायला गेले, मागचा स्क्रू फिरेना. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघितला. व्हिडिओत सांगितलं होतं, खाचेत रबर बँड ठेवून फिरवा. फिरवला, रबर बँडचा चुरा झाला. मग दुसरा व्हिडिओ बघितला. त्यात सांगितलं होतं, खाचेत झटपट चिकटणारा गोंद घालून स्क्रू-ड्रायव्हर चिकटवून टाका आणि वाळल्यावर फिरवा. चिकटवला. आता स्क्रूही निघेना आणि स्क्रू-ड्रायव्हरही निघेना. गृहस्थ तशीच गाडी चालवत इंदिरानगरहून माझ्याकडे आले. नंबर प्लेटमधून वीतभर स्क्रू-ड्रायव्हर बाहेर, आणि मागच्याला लागू नये म्हणून त्यावर लाल फडकं बांधलेलं, सळया नेणाऱ्या ट्रकला बांधतात तसं.

मला म्हणाले, "काका, स्क्रूचं राहू द्या, माझा स्क्रू-ड्रायव्हर तेवढा सोडवून द्या. सेटमधला आहे."

देवळ्याचे एक कांदा व्यापारी त्यांच्याही वर. त्यांच्या पिकअपच्या स्क्रूची चांदणी कधीच गेली होती. त्यांनी त्या वाटीत नळ जोडायचा मसाला भरला, त्यावर नखाने अधिकचं चिन्ह काढलं आणि काळा रंग फासला. लांबून बघितलं तर स्क्रू नवाकोरा. मी टोक लावल्याबरोबर मसाल्याचा खडा निघून माझ्या चष्म्यावर आदळला.

"मी काहीच करं नही, भाऊ," ते अहिराणी वळणात म्हणाले. "पहिलेपासून असाच शे."

असल्या लोकांत माझी हयात गेली. त्यामुळे माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. स्क्रूबद्दल मात्र चांगलं आहे.

गॅरेज बंद करायच्या आदल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत संगीता माझ्याकडे आली. संगीता शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. आमच्याच कॉलनीतली, मी तिला लहानपणापासून ओळखतो. व्हॅन जुनी, पण आतून इतकी स्वच्छ की चप्पल काढून बसावं. बाई व्हॅन चालवणार म्हटल्यावर शाळेने आधी पुष्कळ आढेवेढे घेतले होते. मोठ्या मुश्किलीने तिला मुलांची ने-आण करायला एक मार्ग मिळाला होता, आणि त्या मुलांत तिची स्वतःची मुलगीही जायची.

"काका, ब्रेक दाबला की पुढून थरथर येते," ती म्हणाली. "दोन गॅरेजला दाखवलं. दोघं म्हणतात डिस्क खराब झालीय. पण डिस्कचा स्क्रूच निघत नाहीये. आता म्हणतात अख्खं चाकामागचं लोखंड बदला, आणि ते नाशकात मिळत नाही. सोमवारी शाळा उघडतेय. सकाळी व्हॅन शाळेच्या दारात उभी राहिली नाही तर मार्ग दुसऱ्याला देणार, असं स्पष्ट सांगितलंय मला."

"स्क्रूला कोणी कोणी हात लावला?" मी विचारलं. हा माझा ठरलेला प्रश्न.

"त्या दोघांनीच."

तिचा नवरा मिलिंद सोबत आला होता. तो प्लंबर. स्कूटरला पाइप बांधून सातपूरपासून देवळालीपर्यंत लोकांचे नळ दुरुस्त करत फिरतो. हाताची घडी घालून तो माझ्या डोक्यावर उभा राहिला. काम चालू असताना डोक्यावर उभ्या राहणाऱ्या माणसांचा मला मनस्वी तिटकारा आहे.

मी पुढचं डावं चाक उतरवलं. डिस्क म्हणजे चाकामागची लोखंडी चकती, तिला दोन बाजूंनी पॅड चिमटतात आणि गाडी थांबते. त्या चकतीवर एकच छोटा स्क्रू. त्याची अवस्था बघून मला दोन्ही गॅरेजवाल्यांची कीव आली. एकाने लहान टोक घालून चांदणी घालवली होती. दुसऱ्याने बोथट ड्रिल लावून मधोमधऐवजी कडेला भोक पाडलं होतं. कॅलिपर, म्हणजे ते पॅड धरून ठेवणारा सांगाडा, आधी उतरवायचा सोडून दोघं समोर दिसला म्हणून स्क्रूवरच तुटून पडले होते. मागे वाकून बघायचे कष्ट एकानेही घेतले नव्हते.

आणि गंमत सांगू? त्या स्क्रूला काही कामच नसतं. कारखान्यात गाडी जोडताना चकती घसरून पडू नये म्हणून तो लावतात, एवढंच. एकदा चाकाचे नट आवळले की चकती त्या नटांनीच घट्ट बसते. स्क्रूचं डोकं उडवून टाकलं असतं तरी चकती सुटली असती आणि पुढेही काही अडलं नसतं. ज्याच्यापायी बिचारीचा मार्ग जायची वेळ आली होती, तो स्क्रू निव्वळ शोभेचा होता. आणि गॅरेज चालवणाऱ्या त्या दोघांना हे माहीत नव्हतं.

पण मला तो सबंध काढायचा होता. म्हणा हट्ट.

"काका, रॉकेल सोडा थोडं," मिलिंद वरून म्हणाला. "आमच्याकडे जाम नळ असाच सुटतो."

"हा नळ आहे का?" मी म्हटलं.

रॉकेलचा सल्ला संपला, पण त्याच्याकडे बाकीचे होतेच. मी स्क्रूवर सरळ घाव घातले, तर म्हणाला, "जास्त ठोकू नका, फुटेल." छिन्नी लावली, तर म्हणाला, "मोठा पाइप पाना आहे माझ्याकडे, देऊ का?" मी उत्तर देणं सोडून दिलं. छिन्नीने कडेला खाच पाडली आणि उलट्या दिशेने हलके हलके घाव घालत राहिलो. घाईचं काम नाही ते. बराच वेळ काही हललं नाही. मग घावाचा आवाज बदलला. तो बदललेला आवाज मला आजही इतर कुठल्याही गाण्यापेक्षा आवडतो. स्क्रू केसभर फिरला, मग आणखी, आणि शेवटी बोटांनी काढून मी तो संगीताच्या हातावर ठेवला.

"झालं?" ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"झालं. आता कॅलिपर उतरवतो, डिस्क बघतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा," मी ऐटीत म्हणालो. त्या दोन गॅरेजवाल्यांबद्दल जे काही बोललो ते इथे छापण्यासारखं नाही.

मग मागच्या बाजूने हात घातला. कॅलिपर दोन जाड बोल्टांवर असतो. हे बोल्ट इतके आवळलेले असतात की पान्याला लांब पाइप लावून अंगाचा सगळा भार द्यावा लागतो. वरचा बोल्ट तसाच निघाला, माझा घाम काढून. खालच्याला पाना लावला, तर तो जोर न लावताच फिरला. पाना बाजूला ठेवून बोटांनी फिरवला, तर बोटांनी बाहेर आला.

माझ्या हातून आजवर हजारो बोल्ट गेले असतील. निघत नाही म्हणून मी कधी घाबरलो नाही. हा निघाला म्हणून घाबरलो. ब्रेकचा बोल्ट बोटांनी निघणं म्हणजे भर रस्त्यात ब्रेक दाबल्यावर कॅलिपर एका बाजूने सुटून चाकात अडकू शकतो. थरथर डिस्कची नव्हतीच. कॅलिपरच हलत होता.

बोल्ट उजेडात धरला. त्याच्या आट्यांवर, म्हणजे अंगावरच्या गोल फिरत जाणाऱ्या खाचांवर, सुतळीचा धागा व्यवस्थित गुंडाळलेला होता, आणि वर पांढरा सफेदा लावलेला. पाण्याचा पाइप जोडताना गळू नये म्हणून लावतात तोच. बोल्टच्या डोक्यावर पाइप पान्याच्या दातांच्या खुणा होत्या. गाडीच्या गॅरेजात पाइप पाना कोणी वापरत नाही.

माझ्या लक्षात यायला क्षणभर लागला. मिलिंदला त्याहून कमी लागला.

"तो मी बसवलाय," तो म्हणाला. आणि काय सांगू, अभिमानाने म्हणाला. "गणपतीच्या सुट्टीत पॅड बदलले ना, तेव्हा. आवळताना आटे गेले आतले. मग मी धागा मारून बसवला. बघा कसा पक्का बसला होता. आमच्या कामात असा बसवलेला जोड वर्षानुवर्षं गळत नाही, काका."

आयुष्यात पहिल्यांदा एक माणूस मला आपणहून "मी केलं" असं सांगत होता, आणि ते असं होतं.

"मूर्खा," मी म्हणालो, "ब्रेकच्या बोल्टातून पाणी गळतं का? हा बोल्ट फक्त सुतळीवर होता, सुतळीवर! पॅड बदलायला हा खोलायचाच नसतो. पुढे दोन छोटे असतात, ते सोडून तू मागचे उघडलेस. ते आवळलेस पाइप पान्याने, आटे खाऊन टाकलेस, आणि वर सफेदा फासलास. अरे, पोरं बसतात या गाडीत!"

"माहितीये की मला," तो म्हणाला. त्याचा चेहरा जरा उतरला होता, पण अजून पुरतं कळलं नव्हतं. "आमची सईसुद्धा बसते. पुढच्या सीटवर, याच बाजूला. माझ्या पोरीच्या गाडीला मी खराब काम करीन का, काका?"

माझ्याकडे शिव्या पुष्कळ होत्या, पण त्यातली एकही तिथे बसेना. आळशी माणसाला, लबाड माणसाला काय बोलायचं ते मला पाठ आहे. हा माणूस दोन्ही नव्हता. त्याने स्वतःला येणारं सगळ्यात चांगलं काम केलं होतं, मन लावून केलं होतं, आणि त्यावर स्वतःची मुलगी बसवली होती.

संगीताने माझ्या हातातला बोल्ट घेतला, अंगठ्याने त्यावरची सुतळी ओढली. सुतळी सरसर सुटून आली. आत बोल्टाचे आटे झिजून सपाट झालेले. तिने ती सुतळी मिलिंदच्या हातात ठेवली.

"गणपतीपासून मी रोज हिच्यावर ब्रेक मारला," ती म्हणाली. "रोज. फ्लायओव्हरच्या उतारावर."

मिलिंद सुतळीकडे बघत राहिला. मग खाली बसला, माझ्या गॅरेजच्या तेलकट फरशीवर, चाकापाशी. तिथूनच म्हणाला, "काका, सुटला असता का?"

"असता," मी म्हणालो.

"कधी?"

"मी काय ज्योतिषी आहे?"

"नका सांगू त्याला," संगीता म्हणाली. "तुम्ही फक्त सांगा, सोमवारी होईल का?"

इथे माझीही चांगलीच जिरली. बोल्टचे आटे गेले तर बोल्ट बदलता येतो. पण ज्यात तो बसतो त्या लोखंडाचे आटेही गेले होते. ब्रेकच्या जागी मी थातूरमातूर काम करत नाही, म्हणजे तो अख्खा भागच बदलणं आलं. ज्या दोन गॅरेजवाल्यांना मी सकाळपासून यथेच्छ शिव्या घातल्या, त्यांनी नेमकं हेच सांगितलं होतं. त्यांचं कारण साफ चुकीचं होतं, पण सल्ला बरोबर होता. त्यांना याचा आनंद होऊ नये म्हणून मी ही गोष्ट इतकी वर्षं कुठे बोललो नव्हतो.

नाशकात तो भाग खरंच मिळेना. गाडीचं मॉडेलच बंद झालेलं. सिन्नरला एकाकडे असल्याचं कळलं, तर निघाला उजव्या बाजूचा. शेवटी पुण्यातल्या ओळखीच्या दुकानदाराने शोधून काढला आणि रविवारी दुपारी तो एसटीच्या पार्सलने आला. मिलिंद तो आणायला स्टँडवर गेला. खोकं दोन्ही हातांनी छातीशी धरून आत आला. मी काम करत होतो तेवढा वेळ तो तिथेच उभा होता, पण आता डोक्यावर नाही, पलीकडे भिंतीशी. एकही सल्ला दिला नाही. बोल्ट आवळताना मी त्याला हाक मारली, पान्याला पाइप लावून दाखवला, किती जोर द्यायचा ते सांगितलं.

"तू आवळ," मी म्हणालो.

"नको काका," तो म्हणाला. "तुम्हीच आवळा."

मी आवळला. संगीता व्हॅन घेऊन एक फेरी मारून आली. थरथर गेली होती. तिने मिलिंदला सांगितलं, "घरातले नळ तुझे. ही माझी." मग त्याच्याकडे न बघता निघून गेली. तो मागून स्कूटर ढकलत बाहेर पडला.

सोमवारी सकाळी मी कोपऱ्यावर चहाला उभा होतो. संगीताची व्हॅन समोरून गेली, मुलांनी भरलेली. पुढच्या सीटवर सई, केसांना रिबिनी बांधलेली. मागून मिलिंदची स्कूटर. पाइप बांधलेले, हेल्मेट डोक्यावर, मान डावीकडे कललेली. तो रस्त्याकडे बघतच नव्हता. पुढच्या डाव्या चाकाकडे बघत चालला होता. मंगळवारी तसंच. बुधवारीही तसंच. संगीताने त्याला हाकलून लावलं असणार, कारण नंतर तो जरा अंतर ठेवून जायला लागला, पण जात राहिला. संक्रांत आली तरी जात होता.

चाकाकडे बघत राहिल्याने बोल्ट घट्ट राहत नाही, एवढीही अक्कल त्या गाढवाला नव्हती. मी त्याला ते सांगितलं नाही.